रिकाम्या बाटलीवरचे रंगकाम : बचत गटासाठी एक पाठ



दुसऱ्या राजे पुस्तकाच्या चौथ्या अध्यायातील विधवेची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. सावकार तिची मुले न्यायला आलेला. अलीशाने तिला शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी आणायला सांगितले. पुढे तिने तेल विकून कर्ज फेडले. वाशीम जिल्ह्यातील आंध समाजाच्या महिलांबरोबर काम करताना मला ही गोष्ट वारंवार आठवते. रिकामे भांडे आपल्या प्रत्येकाच्या घरात असते : लोणच्याची बरणी, मधाची किंवा कॉफीची बाटली. ती रंगवून विकण्याजोगी कशी करावी, हा या अंकाचा पाठ.

बाटली निवडताना

पहिला नियम सर्वांत महत्त्वाचा. कीटकनाशक, तणनाशक, अॅसिड किंवा फिनेल यांची बाटली कधीही घेऊ नये. कितीही धुतली तरी नाही. आपला भाग कापूस-सोयाबीनचा. फवारणीचे औषध घरोघरी असते. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. औषधाच्या लेबलवर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. लेबल काढून वर फुले रंगवली की तो इशाराच नाहीसा होतो, आणि लहान मूल त्याच बाटलीने पाणी पिते. म्हणून आत काय होते हे नक्की माहीत असेल, तीच बाटली घ्यावी.

कृती

१. बाटली कोमट पाण्यात खाण्याचा सोडा टाकून अर्धा-एक तास भिजत ठेवावी. लेबल सुटते. उरलेल्या चिकट डिंकावर गोडे तेल आणि सोडा चोळावा, मग साबणाने धुवावे.

२. पूर्ण वाळल्यावर कापसाच्या बोळ्याने स्पिरिट फिरवावे. बोटांचा तेलकटपणा राहिला की तेथूनच रंग सुटतो. यानंतर बाटली तोंडाला धरूनच उचलावी.

३. अॅक्रेलिक रंगाचा पहिला हात स्पंजच्या तुकड्याने टिपत द्यावा. ब्रशने ओढल्यास काचेवर रेघा उमटतात. एक जाड हात देण्यापेक्षा दोन-तीन पातळ हात द्यावेत. प्रत्येक हात वाळू द्यावा.

४. वर बारीक ब्रशने नक्षी काढावी. वाळल्यावर वॉर्निशचा हात द्यावा.

५. तोंडाच्या कडेला व आतून रंग लावू नये. रंगवलेली बरणी पाण्यात भिजत ठेवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. हे गिऱ्हाइकालाही सांगावे.

महिला विचारतात, भिंतीवर तांदळाचे पीठ चालते, मग येथे का नाही? मातीची भिंत ओल शोषून घेते, त्यामुळे पीठ तिच्यात धरून राहते. काच काहीच शोषत नाही. वरचा थर वाळला की पापुद्रा होऊन गळतो.

चित्र कोणाचे?

बाजारात मागणी वारलीची. गेरूच्या रंगावर पांढरी माणसे, त्रिकोण, वर्तुळे. ही कला पालघर-डहाणूकडच्या वारली बांधवांची. लग्नाचा चौक तेथे सवाष्णी भिंतीवर काढत आल्या. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर आणून जगभर नेली; २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या कलेला भौगोलिक मानांकनही आहे. आंध महिलेने काढलेली बाटली ‘अस्सल वारली’ म्हणून विकणे म्हणजे एका आदिवासीच्या नावावर दुसऱ्या आदिवासीचे पोट भरणे. गिऱ्हाइकाचीही ती फसवणूकच.

म्हणून मी महिलांना विचारते, तुमच्या अंगणात काय आहे? मग निघते आजीच्या हातावरचे गोंदण, दिवाळीची रांगोळी, फुटलेले कापसाचे बोंड, पळसाचे फूल, कारंजा-सोहोळच्या अभयारण्यातील काळवीट. सुरुवातीला हात थरथरतो. आपले घरचे कोण विकत घेणार, ही शंका मोठी असते. परंतु बाटलीखाली चिठ्ठीवर गटाचे नाव आणि ‘आमच्या गावची रांगोळी’ असे लिहिले, की तीच वस्तू कोणाची तरी होते.

किंमत आणि आपला वाटा

किंमत ठरवताना रंग, वॉर्निश, प्रवासखर्च आणि हाताचे तास मांडावेत. शेतमजुरीच्या रोजाने तेवढ्या तासांचे जे होईल, त्याहून कमी घेऊ नये. बाटली फुकटची असली तरी हात फुकटचे नाहीत.

वाचकांना दोन विनंत्या. घरातील काचेच्या बरण्या झाकणासह, धुऊन द्या. आत काय होते ते चिठ्ठीवर लिहा. आणि विकत घेताना दयेने घेऊ नका. रंग सुटत असेल तर तसे स्पष्ट सांगा, चांगली असेल तर पुन्हा मागा. दयेने घेतलेली बाटली एकदाच खपते. पसंतीने घेतलेलीला पुढच्या महिन्यातही मागणी येते, आणि त्या बहिणीला दुसऱ्या दिवशी सावकाराच्या दारी उभे राहावे लागत नाही.