संवेदनशील रुग्णाचा प्रवास आणि निवासाची निवड

सुट्यांचे दिवस जवळ आले की दम्याचे व ॲलर्जीचे रुग्ण एक प्रश्न हमखास विचारतात, "डॉक्टर, आम्ही जाऊ का?" आपण बहुधा औषधांची यादी हाती देऊन या प्रश्नाचे उत्तर देतो. परगावी ज्या खोलीत रुग्ण रोज आठ-दहा तास श्वास घेणार असतो, त्या खोलीविषयी मात्र आपण क्वचितच चकार शब्द काढतो. दम्याचा जोर पहाटेच्या वेळी वाढतो हे आपणांस ठाऊक आहे. अनोळखी गावी, पहाटे तीन वाजता, प्राणवायूची सोय असलेले रुग्णालय तासाभराच्या अंतरावर असताना रुग्णाला धाप लागली, तर खोलीची निवड हा केवळ सुखसोयीचा विषय राहत नाही. म्हणून आपल्या मंडळाच्या स्मरणिकेच्या निमित्ताने या विषयाची थोडी शिस्तशीर मांडणी करावी, असे मनात आले.

प्रथम निदान, मग खोली

'ॲलर्जीमुक्त खोली' अशी काही वस्तू नाही. जाहिरातीत तसे लिहिलेले आढळले, तरी ती खोली कोणत्या कारकापासून मुक्त आहे हे त्या शब्दावरून कळत नाही. एका रुग्णास उत्तम ठरलेली खोली दुसऱ्यास अपायकारक ठरू शकते. म्हणून सोयीसाठी मी या रुग्णांचे चार गट करतो.

पहिला गट खऱ्या ॲलर्जीचा. धुळीतील माइट, बुरशी, परागकण, मांजर-कुत्र्यांचा कोंडा ही येथील प्रमुख कारणे होत. त्वचाचाचणीने ती बहुधा निश्चित करता येतात. दुसरा गट क्षोभकारक पदार्थांनी त्रस्त होणाऱ्यांचा. तंबाखूचा धूर, डास पळविणारी कॉइल, उदबत्ती, फिनेल, ताजा रंग यांनी त्यांची श्वासनलिका आकुंचन पावते. चाचणीत मात्र काही सापडत नाही. तिसरा गट त्वचेचा. गाजरगवताच्या हवेतून उडणाऱ्या कणांमुळे चेहरा, मान व हाताचे कोपरे सुजून येणारे शेतकरी व सेवानिवृत्त गृहस्थ आपल्या भागात पुष्कळ आहेत. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदले गेलेले हे गवत आज बहुतेक भारतभर पसरले आहे.

चौथा गट वादग्रस्त आहे. अत्तर, साबण, नवे फर्निचर अशा अनेक वस्तूंच्या अल्प संपर्कानेही डोकेदुखी, थकवा, मळमळ होते, असे हे रुग्ण सांगतात. १९८७ साली मार्क कलेन यांनी या अवस्थेची व्याख्या केली. १९९६ साली बर्लिन येथील जागतिक आरोग्य संघटनेशी संबंधित कार्यशाळेने तिला 'कारण अज्ञात असलेली पर्यावरणीय असहिष्णुता' या अर्थाचे नाव सुचविले. गंध झाकून केलेल्या अंध चाचण्यांत या रुग्णांना खरा पदार्थ व बनावट पदार्थ यांतील फरक खात्रीने ओळखता आलेला नाही. तथापि त्यांचा त्रास खोटा नव्हे. त्यांची थट्टा करणाऱ्या वैद्याकडे ते पुन्हा येत नाहीत, आणि घराबाहेर पडणेही सोडतात.

उंची नव्हे, कोरडेपणा

'डोंगरावर जा, हवा चांगली असते' हा सल्ला आपल्या आजोबांच्या पिढीपासून चालत आला आहे. त्यात तथ्य आहे. पण त्याचे कारण समजून घेतले पाहिजे. १९६४ साली नेदरलँड्समधील लायडन येथे व्होरहोर्स्ट व स्पिक्स्मा यांनी घरातील धुळीची ॲलर्जी आणि माइट यांचा संबंध दाखवून दिला. हा जीव जेमतेम ०.३ मिलिमीटरचा. तो पाणी पीत नाही, हवेतील बाष्प शोषून जगतो. सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ५० टक्क्यांच्या खाली राहिली की त्याचा टिकाव लागत नाही. स्वित्झर्लंडमधील दाव्होस येथे युरोपीय दमेकऱ्यांना बरे वाटे, ते तेथील उंचीवरच्या कोरड्या हवेत माइट फारसे नसल्यामुळे.

आता आपल्या परिसराकडे पाहा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर, आंबोली सुमारे ६९० मीटर. उंचीत विशेष फरक नाही. परंतु आंबोलीस वर्षाकाठी ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि बेळगावास साधारण त्याच्या पाचव्या हिश्श्याइतका. माइट व बुरशीच्या रुग्णास आंबोलीचा निवास थंड हवेचा असूनही जाचक ठरतो तो यामुळेच. महाबळेश्वर व पाचगणी यांतील फरकही असाच आहे. पाचगणी पर्जन्यछायेत असल्याने तेथे पाऊस कितीतरी कमी, डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ साली आपले क्षयरोग्यांचे आरोग्यधाम तेथे उभारले.

उलट गाजरगवताच्या त्वचारोगाचा रुग्ण पावसाळ्यानंतर आपल्या पठारावर बेजार होतो आणि समुद्रकाठी चार दिवस राहिला की त्यास बरे वाटते. म्हणजे ज्या किनाऱ्यापासून पहिल्या गटातील रुग्णास जपावे लागते, तोच किनारा तिसऱ्या गटातील रुग्णास सुचवावा लागतो. सल्ला व्यक्तीगणिक बदलतो, तो असा.

खोलीतील अदृश्य सोबती

निवासातील धोक्याच्या वस्तू आपल्या इतक्या परिचयाच्या आहेत की त्या नजरेत भरत नाहीत. न्हाणीघरात व कपाटात ठेवलेल्या डांबरगोळ्या बहुधा नॅफ्थॅलीनच्या असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० च्या घरगुती हवेविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत नॅफ्थॅलीनची वार्षिक सरासरी मर्यादा घनमीटरला ०.०१ मिलिग्रॅम ठरविली आहे. जी-सिक्स-पीडी या विकराची उणीव असलेल्या बालकात याच गोळ्यांमुळे रक्तपेशींचे विघटन होऊ शकते.

डासांच्या कॉइलविषयी २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळले की, एका कॉइलमधून निघणारे अतिसूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींमधून निघणाऱ्या कणांइतके असतात. मच्छरदाणी हा जुना उपाय येथे सर्वोत्तम. नव्या प्लायवूडच्या कपाटांतून फॉर्माल्डिहाइड बाहेर पडत राहते आणि उष्णता व दमटपणा वाढला की त्याचे प्रमाणही वाढते. म्हणून 'अगदी नवे कोरे हॉटेल' हा दुसऱ्या व चौथ्या गटास शाप आहे. संडास धुण्याचे ॲसिड व ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास क्लोरीन वायू निर्माण होतो, हे सफाई कर्मचाऱ्यास बहुधा कोणी सांगितलेलेच नसते.

धूम्रपानाविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनुसार ३० किंवा अधिक खोल्यांच्या हॉटेलास धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवता येते. कॅलिफोर्नियातील हॉटेलांच्या एका अभ्यासात असे दिसले की, जेथे काही खोल्यांत धूम्रपानास मुभा असते, तेथील धूम्रपान-निषिद्ध खोल्यांतही निकोटिनचा अंश सापडतो. तेव्हा रुग्णाने 'बिनधुराची खोली' न मागता संपूर्ण इमारत धूम्रपानमुक्त आहे काय, असे विचारावे.

दूरध्वनीवर काय विचारावे

'खोली स्वच्छ आहे ना?' या प्रश्नाचे उत्तर सर्वत्र 'हो साहेब' असेच मिळते. प्रश्न असा असावा की, त्याचे उत्तर देण्यासाठी समोरच्यास वस्तुस्थिती सांगावीच लागेल. मी रुग्णांस पुढील प्रश्न लिहून देतो.

१. खोली कोणत्या मजल्यावर आहे? वरच्या मजल्यावर पाणी गळते काय? तळमजला व तळघर टाळावे.
२. खिडकी उघडते काय, आणि ती कोणत्या बाजूस? जनरेटर, भटारखाना किंवा वाहनतळ खिडकीखाली नसावा.
३. रंगकाम शेवटचे कधी झाले? फर्निचर कधी बदलले?
४. जमिनीवर फरशी आहे की गालिचा?
५. फरशी कशाने पुसता? खोलीत कोणता सुगंधी फवारा मारता?
६. पांघरुणे प्रत्येक पाहुण्यानंतर धुता की केवळ झटकून ठेवता?
७. पाहुण्यांचे कुत्रे-मांजर खोलीत चालते काय?
८. ढेकणांसाठी औषध शेवटचे कधी मारले?
९. रात्री उघडे असणारे औषधाचे दुकान व प्राणवायूची सोय असलेले रुग्णालय किती अंतरावर आहे?

याजोडीला आपण आपल्या लेटरहेडवर चार ओळींचे पत्र द्यावे : "या पाहुण्यांस दम्याचा विकार आहे. कृपया येण्याच्या दोन दिवस आधीपासून त्यांच्या खोलीत सुगंधी फवारा, उदबत्ती, डांबरगोळ्या व कॉइल वापरू नये. फरशी साध्या पाण्याने पुसून खिडक्या उघड्या ठेवाव्यात." कर्नाटकात हे पत्र कन्नडमध्ये, गोव्यात मराठीत किंवा कोंकणीत असावे. रुग्णाची विनंती नखरा म्हणून टाळली जाते; डॉक्टरांचे पत्र बहुधा पाळले जाते, असा माझा अनुभव आहे.

पोहोचल्यावर

पैसे भरण्यापूर्वी खोली पाहावी. वास घ्यायचा तो पहिल्या मिनिटातच, कारण काही मिनिटांत नाक त्या वासास सरावते आणि मग ओल असूनही कळत नाही. कपाटामागची भिंत, न्हाणीघराचे छत व वातानुकूलन यंत्राची जाळी पाहावी. भिंतीस लावलेले हे यंत्र बहुधा खोलीतीलच हवा फिरविते, बाहेरची ताजी हवा आणीत नाही. म्हणून आधी खिडक्या उघडून ते अर्धा तास चालवावे. तोवर रुग्णाने बाहेर बसावे. गादी झटकल्यावर उडालेले माइटचे कण साधारण अर्ध्या तासात खाली बसतात. मांजराच्या ॲलर्जीचे कण मात्र तासन्‌तास तरंगत राहतात. ज्या खोलीत मांजर वावरले, ती खोली बदलूनच घ्यावी.

स्वतःची चादर, उशीची खोळ व धुता येणारी सोलापुरी चादर सोबत न्यावी. ती किमान ५५ ते ६० अंश तापमानाच्या पाण्यात धुतल्यास माइट मरतात. गादीच्या खोळीवर मात्र सारा भरवसा ठेवू नये. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील अकराशेहून अधिक प्रौढ दमेकऱ्यांच्या अभ्यासात केवळ खोळ वापरून लाभ झाला नाही. याचा अर्थ असा की, खोलीची काळजी ही औषधाची जागा घेऊ शकत नाही. नियमित स्टेरॉइड श्वासौषध प्रवासात बंद पडता कामा नये. गिना या आंतरराष्ट्रीय दमा-मार्गदर्शिकेने २०१९ पासून केवळ साल्ब्युटामॉलवर विसंबून राहण्याचा सल्ला मागे घेतला आहे. पीक-फ्लो मीटर जवळ असल्यास निघण्यापूर्वी दोन आठवडे नोंद ठेवावी. स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांखाली आल्यास सावध व्हावे, ५० टक्क्यांखाली आल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. कोकणात भुकटीच्या कॅप्सूल दमटपणाने चिकटतात. त्या वेष्टनातून आयत्या वेळीच काढाव्यात.

एक उदाहरण

माझ्या एका महिला रुग्णाचे सासर सावंतवाडीकडील. माइट व बुरशी या दोहोंची त्यांना तीव्र ॲलर्जी. लागोपाठ दोन वर्षे चतुर्थीस गेल्या असता त्यांना मध्यरात्री रुग्णालयात हलवावे लागले, आणि पुढे सहा वर्षे त्यांनी सासरचा गणपती पाहिला नाही. 'सून येत नाही' असा बोल लागला तो वेगळाच. घरच्यांना काय कल्पना? वर्षभर बंद असलेले घर, चतुर्थीच्या आदल्या दिवशी माळ्यावरून काढलेल्या गाद्या, भर पावसात बंद खिडक्या, आणि दिवसभर धूप-उदबत्ती!

आम्ही थोरल्या दिरांना बोलावून घेतले व सारे समजावून सांगितले. मुक्काम गावातील घरी न ठेवता जवळच्या निवासात, वरच्या मजल्यावरील उघड्या खिडक्यांच्या खोलीत ठेवला. स्वतःचे अंथरूण नेले. आरतीच्या वेळी बाईंनी ओसरीवर बसावे आणि धूप अंगणात फिरवावा, असे ठरले. निघण्यापूर्वी महिनाभर औषध काटेकोर चालू होते. पाच दिवसांत त्यांना एकदाही जादा फवारा घ्यावा लागला नाही. दिरांनी पुढच्या वर्षी माळ्यावरील कापसाच्या गाद्या काढून टाकल्या.

या उदाहरणात नवे औषध कोणतेच नव्हते. कुटुंबास रोगाचे कारण समजले, एवढाच फरक.

एक सूचना

चौथ्या गटातील रुग्णांबाबत मी उलट दिशेने जातो. त्यांना टाळावयाच्या वस्तूंची यादी लांबलचक देऊ नये. ती यादी वाढत जाते आणि जग लहान होत जाते. आधी एका रात्रीचा मुक्काम, तोही घरापासून दोन तासांच्या आत, आणि मग हळूहळू अंतर वाढवावे.

आपल्या मंडळाचे बहुतेक सभासद गोवा, कोकण, कोल्हापूर, पंढरपूर या बाजूंस जाणारे रुग्ण नेहमी पाहतात. प्रत्येकाने परत आलेल्या रुग्णास दोन प्रश्न विचारावेत : कोठे उतरलात, आणि श्वास कसा होता? मंडळाच्या कार्यालयात एक नोंदवही ठेवून त्यात निवासाचे नाव, मजला, ऋतू, रुग्णाची ॲलर्जी व परिणाम एवढेच लिहिले, तरी दोन-तीन वर्षांत या भागापुरते एक विश्वसनीय साधन तयार होईल. ऋतूची नोंद विसरू नये, कारण मे महिन्यातील उत्तम खोली श्रावणात बुरशीने भरलेली असू शकते. या नोंदवहीच्या पहिल्या पानासाठी माझ्याकडील नोंदी मी आनंदाने देईन.