तळ्यातला मासा आणि औषधाची बाटली

रोहू, कटला, मृगळ हे आपल्या भंडारा-गोंदियाकडचे घरचे मासे. मामा तलाव आणि शेततळ्यांतून ते बाजारात येतात आणि खिशाला परवडणारे इतके चांगले प्रथिनयुक्त अन्न क्वचितच मिळते. ‘‘डॉक्टरसाहेब, तळ्यात औषधे टाकतात म्हणे, मग मासे खायचे की नाही?’’ असे अलीकडे मला तीन-चार जणांनी विचारले. खायचे, असेच मी सांगितले. पण शंका रास्त आहे, म्हणून आज त्याविषयी.

तळ्यात जे जे पडते ते सगळेच घातक नसते. मत्स्यबीज सोडण्यापूर्वी चुना टाकतात, त्याने पाण्याची व चिखलाची आम्लता कमी होते. विहिरीत टाकतो तेच पोटॅशियम परमँगनेट तळ्यातही वापरतात. ते गाळातल्या घाणीशी संयोग पावून संपते. बोटुकली सोडण्याआधी मिठाच्या पाण्यात बुडवून काढतात. यांतले काही तुमच्या ताटात येत नाही.

खरी अडचण प्रतिजैविकांची, म्हणजे ॲन्टिबायोटिक्सची. मासे मरू लागले की घाबरलेला तळेमालक खाद्यात ऑक्सिटेट्रासायक्लीनसारखे औषध मिसळतो. आता गंमत पाहा. आजारी मासा आधी खाणे सोडतो. म्हणजे औषध मिसळलेले खाद्य खातो तो धडधाकट मासा! उरलेले खाद्य आणि विष्ठेतून पडलेले औषध तळाशी जाते. चिखलातल्या जंतूंना त्याची थोडी थोडी मात्रा रोज मिळत राहते आणि ते त्या औषधाला दाद देईनासे होतात. हा गुण एका जातीचे जंतू दुसऱ्या जातीला देऊ शकतात. पुढे तीच औषधे आम्ही जखमेला, लघवीच्या संसर्गाला देतो तेव्हा ती निष्प्रभ ठरण्याचा धोका वाढतो.

दुसरा प्रश्न माशाच्या अंगात उरणाऱ्या अंशाचा. औषध घेतलेल्या गाईचे दूध काही दिवस वापरू नये हे गोपालकांना ठाऊक असते. माशालाही तोच नियम, फक्त हिशेब निराळा. मासा थंड रक्ताचा प्राणी. पाणी थंड असले की औषध त्याच्या शरीरातून हळू बाहेर पडते. म्हणून युरोपात ‘अंश-दिवस’ मोजतात. त्या माशासाठी खास मंजूर नसलेले औषध द्यावे लागले, तर तिथल्या २०२२ पर्यंतच्या नियमाप्रमाणे निदान ५०० अंश-दिवस थांबावे लागे. पाणी २५ अंशांवर असेल तर २० दिवस, २० अंशांवर असेल तर २५ दिवस. उन्हाळ्याचा हिशेब थंडीत लावून चालत नाही, आणि वेष्टनावर याहून जास्त दिवस लिहिले असतील तर तेच पाळावेत.

काही द्रव्यांना मात्र थांबण्याचा हिशेबच लागू नाही. ती वापरायचीच नाहीत. टायफॉइडसाठी क्लोरॅम्फेनिकॉलच्या कडू कॅप्सूल घेतलेले वाचक असतील. या औषधाने क्वचित, म्हणजे २५ ते ४० हजारांत एखाद्याला, अस्थिमज्जा रक्त तयार करणेच थांबवते. ही प्रतिक्रिया मात्रेवर अवलंबून नसल्यामुळे ‘एवढे चालेल’ अशी मर्यादा आखता येत नाही. अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांकरिता या औषधाच्या व नायट्रोफ्युरानच्या उत्पादन-विक्रीवर केंद्र सरकारने मार्च २०२५ मध्ये बंदी घातली. बुरशीवर वापरला जाणारा मॅलाकाईट ग्रीन हा हिरवा रंगही असाच. पाण्यातला रंग उडाला तरी माशाच्या चरबीत त्याचे रंगहीन रूप बराच काळ टिकते आणि त्यापासून कर्करोगाची शंका आहे. रस्सा खळखळून उकळल्याने ही द्रव्ये खात्रीने नाहीशी होत नाहीत.

तळ्यावर राबणाऱ्याचा विचार तर कोणी करतच नाही. माशांना उवा लागल्या म्हणून एका गृहस्थांनी शेतातले सायपरमेथ्रिन उघड्या हाताने पाण्यात कालवले आणि तोंडाला मुंग्या, हातांची आग म्हणून माझ्याकडे आले. साबण-पाण्याने धुऊन दुसऱ्या दिवशी त्यांना बरे वाटले. मासे काही वाचले नाहीत. कपाशीवरचे हे कीटकनाशक माशांना फारच विषारी असते, आणि मात्रा त्यांनी अंदाजानेच घेतली होती.

तळेमालकांनी औषध कोणते, किती आणि कोणत्या तारखेला दिले ते वहीत लिहावे. मासे मरू लागले तर आधी पहाटे तळ्यावर जाऊन पाहावे. मासे वर येऊन तोंडाने हवा घेत असतील तर पाण्यात प्राणवायू कमी आहे. तिथे ताजे पाणी सोडायला हवे, कॅप्सूलचा उपयोग नाही. अंगावर व्रण असतील तर दुकानदाराला विचारण्यापेक्षा एक-दोन आजारी मासे जिवंत घेऊन जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जावे. गिऱ्हाइकाने ओळखीच्या ढिवराकडून मासे घेताना ‘शेवटचे औषध कधी दिले होते?’ एवढे विचारायला हरकत नाही. आणि औषधाची रिकामी बाटली तळ्याच्या पाण्यात विसळू नये.