गायकवृंदाची बेस गिटार: निवड, सूर आणि निगा



नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सात आपल्या गायकवृंदाची बेस गिटार खरखरली, हे आपण सर्वांनी ऐकले. मिस्सा संपल्यावर एका ज्येष्ठ बांधवांनी आम्हांला विचारले, "फादर, बाहेर कोनाचा ट्रॅक्टर चालू होता काय हो?" आम्ही हसलो, पण मनातून चिडलो होतो. त्याच रागात, सर्वांसमोर, आम्ही वाजवणाऱ्या मुलाला म्हणालो, "सराव न करता वेदीजवळ उभे राहू नये." तो काही बोलला नाही. पुढचे चार रविवार तो आलाही नाही.

दरम्यान गायकवृंदाच्या बैठकीत ठराव आला की ही गिटार विकून टाकावी आणि नवी, महागाची घ्यावी. पैसे कुठले, तर कापसाच्या हंगामात आपण दिलेल्या अर्पणातले. ठराव मंजूर होण्याआधी नागपूरहून एक वादक पाहुणे म्हणून आले. त्यांनी गिटार मांडीवर घेतली, एक डोळा मिटून तिच्या मानेकडे पाहिले, खिशातून ॲलन की काढली आणि पाव वळसा फिरवली. खरखर जवळजवळ गेली. अर्ध्या तासात उरलेले कामही झाले. खर्च शून्य. मुलाचा सराव ठीक होता, वाद्यच लावलेले नव्हते. आमचे शिक्षण तत्त्वज्ञानाचे, पाना-पेचकस हाती धरण्याचे नव्हे. पण न कळलेल्या गोष्टीवरून एका मुलाला दोष दिला, म्हणून ती गोष्ट आता आम्ही शिकून घेतली आहे. जे शिकलो ते येथे मांडतो. इतर वस्त्यांतील तरुणांनाही ते उपयोगी पडेल.

प्रथम एक शंका. चर्चमध्ये हे वाद्य चालते का, असे काहींनी विचारले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 1963 च्या उपासनाविषयक संविधानात पाइप ऑर्गनला मानाचे स्थान दिले आहे. शिवाय उपासनेला साजेशी इतर वाद्येही स्थानिक धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने वापरता येतात, असे त्यात म्हटले आहे. आपल्या भागात पाइप ऑर्गन कोणाला पाहायलाही मिळत नाही. त्याचे खालच्या पट्टीतले स्वर पायांनी वाजवले जातात आणि सर्व गायन त्यांवर उभे राहते. तेच काम बेस गिटार करते. गोव्याच्या चर्चमधील संगीतशाळांत शिकलेले कितीतरी वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात गेले. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदातली टोनी वाझ यांची बेस गिटार तर आपण नकळत आयुष्यभर ऐकत आलो आहोत. बेस वाजत असताना कोणाचे लक्ष जात नाही, थांबली की गाणे पोकळ वाटू लागते.

आता निवड. शिकणाऱ्याने चार तारांची घ्यावी. पाच-सहा तारांची गिटार दुकानात रुबाबदार दिसते, पण मान रुंद असते आणि न वाजवलेल्या तारा दाबून ठेवणे हेच मोठे काम होऊन बसते. नेहमीच्या बेस गिटारच्या तारेची लांबी 34 इंच असते. लिओ फेंडर यांनी 1951 साली प्रिसिजन बेस बाजारात आणली, तेव्हापासून हेच माप रूढ आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलामुलींचा हात पहिल्या पडद्यापर्यंत पुरत नसेल, तर 30 इंची आखूड गिटार मिळते, ती घ्यावी. वजन चार किलोच्या आसपास असते, म्हणून पट्टा रुंद हवा. काही गिटारींत आत नऊ व्होल्टची बॅटरी असते. आवाज चांगला येतो, पण केबल लावून ठेवली की बॅटरी उतरत राहते आणि नेमकी प्रवेशगीताला संपते. आपल्यासाठी बिनबॅटरीची बरी.

यामाहा, आयबानेझ, कॉर्ट यांच्या प्राथमिक गिटारी चांगल्या असतात. तरी नाव पाहून घेऊ नये, हातात घेऊन पाहावी. खुंटीकडून घोडीकडे नजर टाकून मान पिळवटलेली नाही ना, हे पाहावे. थोडा बाक दुरुस्त होतो, पीळ सहसा होत नाही. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबून वाजवावी. पडद्यांच्या कडांवरून बोट फिरवावे, टोचता कामा नये. आम्ही आपली गिटार एका मोठ्या शहरातून जुनी घेतली, तेव्हा यांतले काहीच केले नाही. रंग पाहिला आणि घेतली. आणखी एक, सगळे पैसे गिटारीवरच घालवू नयेत. अॅम्प, केबल, स्टँड, पिशवी आणि तारांचा जादा संच यांसाठी निदान तिसरा हिस्सा राखून ठेवावा.

सूर लावणे हा भाग आम्हांला सर्वांत आवडला. जाडीकडून बारकीकडे चार तारांचे स्वर ई, ए, डी, जी. आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी तीन, सहा, दोन आणि पाच. म्हणजे प्रत्येक तारेला सा मानले तर पुढची तार तिचा मध्यम आहे. कंपनांत सांगायचे तर सुमारे 41, 55, 73 आणि 98 प्रतिसेकंद, आणि यांतील कोणत्याही शेजाऱ्यांचे गुणोत्तर तीनास चार असे येते. सेमिनरीत पायथागोरसच्या धड्यात तारेच्या भागांची ही गुणोत्तरे आम्ही पाठ केली होती, पण कधी ऐकली नव्हती. पाचव्या पडद्यावर बोट ठेवले की तारेचा पाऊण भाग उरतो आणि पुढच्या तारेचा स्वर मिळतो. बाराव्यावर निम्मी तार उरते आणि तोच स्वर वरच्या सप्तकात येतो. परीक्षेत लिहिलेले उत्तर असे पंचवीस वर्षांनी कानाला कळले.

इलेक्ट्रॉनिक ट्यूनर स्वस्त मिळतो, मोबाइलमध्येही असतो. पण तो 440 या आंतरराष्ट्रीय मापावर चालतो, आणि आपली जुनी पेटी त्या मापावर असेलच असे नाही. पेटीचे सूर रविवारी सकाळी बदलता येत नाहीत. म्हणून पेटी वाजणार असेल तर तार पेटीशी जुळवावी, ट्यूनरशी नव्हे. दोन स्वर जवळ आले पण जुळले नाहीत, तर आवाजात हेलकावे ऐकू येतात. ते मंदावत थांबले की सूर लागला. तार नेहमी खालून वर चढवत आणावी. वर गेली तर आधी पुरती उतरवावी आणि मग पुन्हा चढवावी, नाहीतर खुंटीतली ढिलाई दोन गीतांत सूर खाली आणते. नाताळच्या रात्री आणखी एक घडले होते. घाटावरच्या थंडीत बाहेर लावलेल्या तारा, माणसांनी भरलेल्या उबदार चर्चमध्ये येताच सैल पडल्या. वाद्य आत आणून अर्धा तास ठेवावे आणि मगच लावावे.

आता त्या पाव वळशाकडे येऊ. चार तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या आसपास असतो. तो सोसण्यासाठी मानेच्या लाकडात एक लोखंडी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. मान अगदी सरळ नको, किंचित पुढे झुकलेली हवी, कारण हलणाऱ्या तारेला मधोमध जागा लागते. जाड तार पहिल्या पडद्यावर आणि मान जिथे धडाला मिळते तिथल्या पडद्यावर एकाच वेळी दाबावी. मग सातव्या-आठव्या पडद्यापाशी तारेखाली लग्नपत्रिकेसोबत येणाऱ्या व्हिजिटिंग कार्डाइतकी, म्हणजे साधारण तीन दशांश मिलिमीटर फट दिसावी. फट नसेल तर सळई सैल करावी, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरवावी. फट फार असेल तर काट्याच्या दिशेने आवळावी. एका वेळी पाव वळशाहून जास्त कधीही नाही, आणि जोर लावावा लागला तर तिथेच थांबून जाणत्याकडे जावे. सळई तुटली तर गिटार गेली.

आपली गिटार आम्ही जुलैत आणली होती. पावसाळ्यात लाकूड फुगते, मान पुढे झुकते, तारा उंच होतात. तेव्हा कोणीतरी सळई आवळून दिली. डिसेंबरच्या कोरड्या थंडीत लाकूड आकसले, मान मागे गेली आणि पहिल्या चार पडद्यांवर तार घासू लागली. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवून मुद्दाम अशी घासण घडवतात. तिला जवारी म्हणतात आणि तिच्यासाठीच तंबोरा ऐकायचा असतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तिकडे जे वैभव, ते इकडे ट्रॅक्टर.

मानेनंतर तारेची उंची. बाराव्या पडद्याच्या वर जाड तार सुमारे अडीच आणि बारीक तार दोन मिलिमीटर असावी. घोडीवरच्या छोट्या स्क्रूंनी ती कमी-जास्त होते. मग बाराव्या पडद्याच्या बरोबर वर तारेला बोटाचा नुसता स्पर्श करून वाजवावे आणि नंतर तिथेच दाबून वाजवावे. दाबलेला स्वर चढा असेल तर घोडीचा तुकडा मागे सरकवून तार लांब करावी, उतरलेला असेल तर पुढे घ्यावा. हा क्रम बदलू नये: आधी मान, मग उंची, मग लांबी. आम्ही पहिल्यांदा उलट केले आणि सगळे दोनदा करावे लागले.

अॅम्पविषयी थोडक्यात. साध्या गिटारच्या अॅम्पमधून बेस मोठ्याने वाजवल्यास स्पीकर फाटू शकतो. बेसचा वेगळा अॅम्प घ्यावा, नाहीतर डीआय बॉक्स लावून मिक्सरमध्ये जोडावी. सर्वांत खालच्या स्वराची लहर आठ मीटरहून लांब असते. लहान चर्चमध्ये ती भिंतींवर आपटून कोपऱ्यांत घुमते, म्हणून अॅम्प कोपऱ्यात ठेवू नये. आवाज कमी की जास्त, हे वाजवणाऱ्याने नव्हे, शेवटच्या बाकावर बसलेल्याने सांगावे.

आणि उन्हाळा. घाटाखाली मलकापूर, नांदुऱ्याकडे कार्यक्रमाला जाताना गिटार बंद गाडीत उन्हात ठेवू नये. पत्र्याखाली टांगू नये. कूलरसमोर तर मुळीच नको. ओल्या वाऱ्याने तारा गंजतात, आणि कूलर बंद झाला की लाकूड पुन्हा कोरडे पडते. वाजवून झाल्यावर सुती फडक्याने तारा पुसाव्यात. मानेची फट वर्षातून तीनदा, म्हणजे होळीनंतर, पोळ्याच्या सुमारास आणि आगमनकाळाच्या पहिल्या आठवड्यात तपासावी.

पाचव्या आठवड्यात आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो आणि त्याच्या आईवडिलांसमोर त्याची क्षमा मागितली. तो परत आला आहे. ॲलन की आता त्याच्याच ताब्यात असते आणि शनिवारी रोझरीनंतर तो दोन लहान मुलांना सूर लावायला शिकवतो. त्याची आमच्याकडे एकच मागणी आहे. आम्ही गीते काळी एकमध्ये सुरू करतो. त्या पट्टीच्या शुद्ध स्वरांत त्याची एकही मोकळी तार येत नाही. अर्धाच स्वर वर, पांढरी दोनमध्ये गायलो तर चारही येतात. आमचा गळा तेवढा वर जायला तयार नाही. येत्या शनिवारी सरावाला दोन्ही पट्ट्यांत गाऊन पाहायचे ठरले आहे. गायकवृंदाने सायंकाळी सातला यावे.