साखर ताब्यात, तरी लघवीची घाई का?

प्रश्न : माझे वय ५८. मधुमेहाला बारा वर्षे झाली. साखर सध्या ताब्यात आहे, पण लघवीची भावना झाली की आवरत नाही. बाथरूमची कडी लावेपर्यंत कपडे ओले होतात. रात्री तीन-चारदा उठते. एसटीचा प्रवास सोडला, लग्नकार्यही टाळते. घरचे म्हणतात, पाणी कमी पी. हे वयामुळे की मधुमेहामुळे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, घरच्यांचा सल्ला आधी बाजूला ठेवा. पाणी तोडले की लघवी दाट होते आणि घाई उलट वाढू शकते. चहा-कॉफी कमी करा, झोपण्याआधी दोन तास पाणी बेताने घ्या. दिवसा मात्र तहानेप्रमाणे प्या. वयाचा हातभार असेलही, पण वय म्हणून सोडून देण्यासारखे हे दुखणे नाही.

रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेली की ती लघवीत उतरते आणि पाणी सोबत ओढते. तेव्हा दर वेळी भरपूर लघवी होते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या तर मुद्दामच साखर लघवीवाटे काढतात. तुमच्या चिठ्ठीत त्या आहेत का पाहा. परस्पर बंद मात्र करू नका.

लघवी थोडीच होते, पण घाई अनावर असते, तेव्हा संशय अतिक्रियाशील मूत्राशयाचा. एरवी ४०० मिलीच्या आसपास सहज मावते, इथे शंभर-दीडशेलाच स्नायू आवळतो. मधुमेहाने नसा दुखावल्या की असे होते. पुढे कधी नेमके उलटे घडते : भरल्याची जाणीव बोथट होते, मूत्राशय पुरते रिकामे होत नाही आणि साचलेली लघवी गळते. अशा वेळी घाई कमी करणारी गोळी घेतली तर लघवी तुंबू शकते. म्हणून शेजारणीला लागू पडलेली गोळी आणू नका. लघवीची तपासणी आणि लघवी करून आल्यावर किती उरते हे दाखवणारी सोनोग्राफी आधी हवी.

अतिक्रियाशीलताच निघाली तर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम आणि घाई आली तरी थोडे थोडे थांबायची सवय, इथून सुरुवात होते. त्याने भागले नाही तर घाई कमी करणाऱ्या गोळ्या. त्यातल्या जुन्या गोळ्यांनी तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होतो, उतारवयात विसराळूपणाही येतो. मिराबेग्रॉन या नव्या गोळीने हे त्रास कमी, पण रक्तदाबावर लक्ष लागते.

आपल्या एसटी स्टँडवरची स्वच्छतागृहे पाहता तुमचा धसका खोटा नाही. पण प्रवास सुटतो, झोप मोडते, चालणे बंद होते आणि साखर पुन्हा चढते. रात्री अंधारात धावताना पडून हाड मोडण्याचा धोका वेगळाच. मधुमेहाच्या तपासणीत डॉक्टर पाय पाहतात, डोळे पाहतात. लघवीचे मात्र विचारायचे राहते आणि बायका लाजेने सांगत नाहीत.

तीन दिवस मापाच्या मगात लघवी मोजा. वेळ, घाई, गळती लिहा आणि तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा. जळजळ, ताप किंवा लघवीत रक्त असेल तर तीन दिवसही थांबू नका.