दोन आठवड्यांत सुरकुत्या जातील?

प्रश्न : टीव्हीवर दाखवतात त्या कोलॅजेन क्रीमने खरंच सुरकुत्या जातात का? आईला (वय ५८) मागवायची आहे.

उत्तर : नाही. कोलॅजेनचा रेणू सुमारे ३ लाख डाल्टन (रेणूच्या वजनाचे एकक) वजनाचा. त्वचेच्या वरच्या थरातून साधारण ५०० डाल्टनपर्यंतचेच रेणू सहज आत शिरतात. त्यामुळे क्रीममधले कोलॅजेन वरच राहते. ते ओलावा धरून ठेवते, चेहरा काही तास टवटवीत दिसतो आणि नेमका तोच क्षण कॅमेरा टिपतो.

बड्या कंपन्यांनाही अतिरंजित दाव्यांचा मोह आवरत नाही. लॉरियलची काही उत्पादने जनुकांना चालना देतात, या जाहिरातींतल्या दाव्याला पुरावा नसल्याचा आक्षेप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने घेतला. २०१४ मध्ये कंपनीने तडजोड करून तसे निराधार दावे न करण्याचे मान्य केले.

भरवशाचा उपाय साधा आहे : सनस्क्रीन. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बर गावी झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ते रोज लावणाऱ्यांच्या त्वचेवर साडेचार वर्षांत वार्धक्याच्या खुणा २४ टक्के कमी वाढल्या. ट्रेटिनॉइन या औषधी मलमाने बारीक सुरकुत्या खरोखर कमी होतात. पण त्याला काही महिने लागतात, सुरुवातीला आग होते, म्हणून ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच लावावे.

आणि आईंशी जरा बोलावे. अठ्ठावन्नाव्या वर्षी सुरकुत्या असणे हा आजार नव्हे, त्यांची लाज क्रीम विकणाऱ्यांनी निर्माण केली आहे. एखादा डाग मात्र नव्याने उमटला, रंग किंवा आकार बदलू लागला, तर लगेच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावा.