पैसा आणि सुख

कोलाड हे रोहा तालुक्यातले गाव. मुंबईहून गोव्याला जाणारा हमरस्ता तिथून जातो. कोकण रेल्वेचे स्टेशनही आहे. जवळून कुंडलिका नदी वाहते. भाताची खाचरे, वालाची शेते आणि पाठीमागे सह्याद्री. असा हा मुलूख.

कुंडलिकेला उन्हाळ्यातही पाणी असते. ते कुठून येते? घाटावर मुळशीचे धरण आहे. धरणाचे पाणी मोठमोठ्या नळांतून खाली भिऱ्याला उतरते. तिथे त्यावर वीज तयार होते. मग ते पाणी नदीत येते. पाणी सुटले की कोलाडजवळ रबराच्या होड्या नदीत उतरतात. शहरातली माणसे पैसे मोजून त्यांत बसायला येतात.

या पाण्याला एक जुनी गोष्ट चिकटलेली आहे. धरणासाठी मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी जायच्या होत्या. बदल्यात पैसे मिळणार होते. पण पुष्कळांना ते पैसे नको होते. १९२१ साली त्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यांचे पुढारी होते. शेवटी सत्याग्रहाला यश आले नाही. धरण झाले. १९२७ साली भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. शेतकऱ्यांना पैसे का नको होते? जमीन दर वर्षी भात देते. पैसा एकदाच हातात येतो.

आज आपल्याकडेही जमिनीचा पैसा येतो. कुणाची जमीन रस्त्यात गेली. कुणी ती बंगल्यासाठी विकली. जन्मात पाहिली नाही एवढी रक्कम एका दिवसात खात्यात जमा होते. मग घरात सुख येते का?

आमच्या रात्रीच्या वर्गात हाच प्रश्न निघाला. एक दादा म्हणाले, "गुरुजी, पैशाने सुख मिळत नाही, असं थोर लोक सांगतात."

मागे बसलेल्या मावशी लगेच बोलल्या, "तसं सांगणाऱ्याचं पोट भरलेलं असतं, दादा. पोर तापाने फणफणलंय, औषधाला पैसा नाही. तेव्हा कसलं सुख नि कसलं समाधान?"

मावशींचे म्हणणे खरे आहे. गरजेपुरता पैसा हवाच. तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांची एक पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. ऊस तोडण्याआधी त्यांचा हात तंग असतो. ऊस विकला की हाती पैसा येतो. दोन्ही वेळी त्यांना काही कोडी घातली. माणसे तीच. पण हात तंग असताना त्यांना कोडी नीट सुटेनात. पैसे आल्यावर जास्त सुटली. म्हणजे माणूस मुळात कमी अकलेचा नव्हता. पैशाच्या घोराने त्याचे डोके व्यापले होते. हा घोर गेला, तर ते मोठेच सुख आहे.

"मग जेवढा जास्त पैसा, तेवढं जास्त सुख?" दादांनी विचारले.

तसेही नाही. अमेरिकेत लॉटरी लागलेल्या काही लोकांना अभ्यासकांनी प्रश्न विचारले. ही १९७८ सालची गोष्ट. ते लोक शेजाऱ्यापाजाऱ्यांपेक्षा फारसे सुखी नव्हते. उलट रोजच्या लहान गोष्टींतली त्यांची गोडी कमी झाली होती. गप्पा, न्याहारी, अशा साध्या गोष्टी त्यांना आता तेवढ्या गोड लागत नव्हत्या. माणसाला नव्या पैशाचीही सवय होते. सवय झाली की नवेपणा जातो.

आता एक हिशेब करू. समजा, दोन भाऊ आहेत. जमिनीचे दोघांना दहा दहा लाख रुपये मिळाले.

थोरल्याने सहा लाखांची गाडी घेतली. तीन लाख लग्नात उडवले. उरलेला एक लाख जेवणावळीत आणि मित्रांत गेला. दोन वर्षांनी काय राहिले? जमीन नाही. पैसा नाही. गाडीला तेल मात्र रोज लागते.

धाकट्याच्या डोक्यावर एक लाखाचे कर्ज होते. व्याज महिना शेकडा पाच. म्हणजे महिन्याला ५,००० रुपये. वर्षाला ६०,००० रुपये! त्याने आधी ते कर्ज फेडले. दोन लाखांत गळके छप्पर नीट केले. एक लाख मुलीच्या शिक्षणाला ठेवले. एक लाखात म्हैस आणि गोठा केला. उरलेले पाच लाख बँकेत ठेवले. बँकेचे व्याज कमीजास्त होते. आपण वर्षाला शेकडा सहा धरू. म्हणजे वर्षाला ३०,००० रुपये, महिन्याला २,५०० रुपये.

मावशी म्हणाल्या, "धाकट्याला रात्री झोप लागत असेल."

बरोबर. पैशाने त्याने झोप विकत घेतली नाही. झोप उडवणारे कर्ज त्याने घालवले.

पैशाचे दुसरे एक सुख आहे. ते म्हणजे वाटून खाणे. थंडीत आपल्याकडे पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, मीठ घालायचे. मडके उपडे ठेवून भोवती जाळ करायचा. खर्च थोडा. पण एकट्याने पोपटी कोण लावतो? पोपटीला माणसे लागतात. भाऊबंदकीने कोर्टात गेलेल्या घरी जमिनीचे लाखो रुपये असतील, पण शेकोटीभोवती बसायला भाऊ नसतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. चिंतामणराव देशमुख याच रायगड जिल्ह्याचे सुपुत्र. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. नोटांवर त्यांची सही असे. पुढे ते देशाचे अर्थमंत्री झाले. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवायचे ठरले, ते त्यांना पटले नाही. १९५६ साली त्यांनी मंत्रिपद सोडले. सगळ्या देशाचा खजिना ज्यांच्या हाती, त्यांनीही मनाला पटेल तेच थोर मानले.

वर्ग सुटताना मावशी थांबल्या. हळूच म्हणाल्या, "गुरुजी, आमच्या जमिनीला गिऱ्हाईक आलंय. घरधनी म्हणतात, अंगठा दे. मी म्हटलं, आता मी सही करते. पण आधी कागद वाचीन."

मावशींनी फार मोठी गोष्ट केली. तुम्हीही हे लक्षात ठेवा :

१. सातबारा आणि खरेदीखत वाचल्याशिवाय सही करू नका. घरातल्या सर्वांशी बोला.

२. पैसा आला की आधी चढ्या व्याजाचे कर्ज फेडा. सावकाराला परवाना लागतो. २०१४ च्या कायद्याने परवान्याविना सावकारी करणे गुन्हा आहे.

३. पैसा बँकेत ठेवा. पासबुक स्वतः वाचा. बँक बुडाली, तरी एका बँकेतल्या एका माणसाच्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो. ही मर्यादा २०२० साली एक लाखावरून पाच लाख झाली.

४. 'दामदुप्पट करून देतो' असे कुणी म्हणाला, तर त्याला दारातूनच रामराम करा.

पैसा हा चांगला गडी आहे. त्याला काम सांगा, तो राबेल. त्याला घराचा मालक करू नका.

शब्दांचे अर्थ
हमरस्ता : मोठा, रहदारीचा रस्ता
घोर : मोठी काळजी
शेकडा : दर शंभराला
खरेदीखत : जमीन विकत घेतल्याचा कागद
भाऊबंदकी : भावाभावांतले भांडण

प्रश्न
१. कुंडलिकेला उन्हाळ्यात पाणी कुठून येते?
२. मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह का केला?
३. धाकट्या भावाने आधी कर्ज का फेडले?
४. २०,००० रुपये कर्ज आहे. व्याज महिना शेकडा तीन आहे. वर्षाचे व्याज किती होईल?
५. तुम्हाला पैशावाचून मिळालेले एक सुख पाच ओळींत लिहा.