कर्करोगावरील प्रतिकारोपचार व वंशभेद



खर्रा खाणारा मनुष्य ठाऊक नाहीं असा विद्यार्थी आमच्या झरी जामणीच्या बाजूस क्वचितच सांपडेल. सुपारी, तंबाखू व चुना एकत्र घोटून केलेला हा पदार्थ तोंडाच्या कर्करोगाचें एक मुख्य कारण होय. ह्या रोगावर शस्त्रक्रिया, किरणोपचार व रासायनिक औषधें असे तीन उपाय पूर्वींपासून आहेत. अलीकडे त्यांत चवथ्याची भर पडली आहे. तो म्हणजे प्रतिकारोपचार. हा उपचार गोऱ्या मनुष्यास जसा मानवतो तसाच कोलामास, गोंडास किंवा कुणब्यास मानवतो काय, ह्या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

आपल्या रक्तांतील कांहीं पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार कुत्रेच होत. त्यांनीं घरच्यांवर धांवून जाऊं नये म्हणून निसर्गानें त्यांस साखळी घातली आहे. कर्करोगाच्या पेशी कपटानें तीच साखळी ओढून धरितात आणि राखणदार स्वस्थ बसतो. अमेरिकेचे जेम्स ॲलिसन व जपानचे तासुकु होन्जो ह्यांनीं ह्या साखळ्यांचें कार्य उकलून दाखविलें. त्याबद्दल त्यांस २०१८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. निवोलुमॅब नांवाचें औषध ही साखळी सैल करितें. परंतु सुटलेला कुत्रा कधीं कधीं घरच्या माणसासही चावतो. त्याप्रमाणें ह्या उपचारांत त्वचा, आंतडीं, यकृत, फुप्फुसें किंवा गळ्यांतील थायरॉइड ग्रंथि ह्यांस दाह होऊं शकतो.

औषधाचे गुणदोष सर्व मानवांत सारखेच असतात असें मानणें सोयीचें, पण सुरक्षित नव्हे. फुप्फुसाच्या कर्करोगावरील गेफिटिनिब ही गोळी निराळ्या वर्गांतली. तरी तिचें उदाहरण बोधप्रद आहे. ज्या जनुकीय बदलावर ती चालते तो बदल पूर्व आशियांतील रोग्यांत युरोपीयांहून पुष्कळ अधिक आढळतो. म्हणून तेथें तिचा गुणही अधिक. पण तिच्यामुळें होणारा फुप्फुसदाहसुद्धां जपानांत इतर देशांहून अधिक दिसून आला.

प्रतिकारोपचाराविषयीं असा स्पष्ट निर्णय देण्याजोगा पुरावा थोडा आहे. कारण त्याच्या मोठ्या चाचण्यांतील बहुसंख्य रोगी श्वेतवर्णीय होते. अमेरिकेंतील कांहीं रुग्णालयांच्या नोंदी तपासतां कृष्णवर्णीय रोग्यांत दुष्परिणाम कमी नोंदलेले आढळले. येथें 'नोंदलेले' ह्या शब्दावर बोट ठेवावें. काळ्या कातडीवर दाहाची लाली सहज दिसत नाहीं. आणि ज्यास डॉक्टरांपर्यंत पोहोंचणेंच कठीण, त्याची तक्रार वहींत चढत नाहीं. दुष्परिणाम कमी झाले कीं कमी दिसले, हे दोन निराळे प्रश्न होत.

शिवाय औषधास कातडीचा रंग दिसत नाहीं. त्याची गांठ पडते ती मनुष्याच्या अनुवंशाशीं, त्याच्या जुन्या आजारांशीं आणि त्याच्या राहणीशीं. आपल्या देशांत क्षयाचें प्रमाण मोठें आहे. प्रतिकारोपचार चालू असतां शरीरांत दबून राहिलेला क्षय पुन्हां उसळल्याचीं उदाहरणें वैद्यांनीं नोंदविलीं आहेत. आणि दाह शमविण्यासाठीं दिलेलीं स्टेरॉइडेंही क्षयास वाव देतात. म्हणजे जो धोका वंशाचा वाटतो तो पुष्कळदां परिस्थितीचा असतो.

म्हणून औषधाची कसोटी आपल्या लोकांतही घ्यावी लागते. अशी एक कसोटी मुंबईस परळ येथें, १९४१ सालीं स्थापन झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयांत झाली. तिचे निष्कर्ष २०२२ सालीं प्रसिद्ध झाले. डोकें व मान ह्या भागांचा कर्करोग असाध्य अवस्थेस गेलेल्या १५१ रोग्यांचे दोन गट केले. एका गटास अल्प मात्रेंतील स्वस्त गोळ्या दिल्या. दुसऱ्यास त्याच गोळ्या आणि शिवाय दर तीन आठवड्यांनीं २० मिलिग्रॅम निवोलुमॅब. ही मात्रा नित्याच्या मात्रेच्या दशांशाहूनही कमी होती. एक वर्ष हयात राहण्याचें प्रमाण पहिल्या गटांत शेंकडा १६.३, तर दुसऱ्यांत शेंकडा ४३.४ भरलें. तीव्र दुष्परिणाम पहिल्या गटांत शेंकडा ५० व दुसऱ्यांत शेंकडा ४६.१ जणांस झाले. अर्थात् नव्या औषधानें ते वाढले नाहींत.

ह्यावरून भारतीयांस थोडें औषध पुरतें असें मात्र सिद्ध होत नाहीं. येथें तुलना पूर्ण मात्रेशीं केलेली नव्हती. थोडी मात्रा घेण्याचें कारणही वंश नव्हे. पूर्ण मात्रेची किंमत आपल्याकडील बहुतेक रोग्यांच्या आवांक्याबाहेरची आहे. आणि थोड्या औषधानेंही साखळीच्या बहुतेक कड्या व्यापल्या जातात असें पूर्वींच्या अभ्यासांत दिसून आलें होतें.

आपल्या भागांतून नागपुरास किंवा सेवाग्रामास उपचारासाठीं जाणाऱ्या रोग्याच्या आप्तांनीं इतकें ध्यानांत ठेवावें. असें औषध चालू असतां जुलाब, दम, पुरळ किंवा फार थकवा दिसल्यास तो क्षुल्लक न समजतां त्याच दिवशीं डॉक्टरांस कळवावा. आणि पूर्वीं क्षय झाला असल्यास तेंही सांगावें. तुमच्यांपैकीं जो कोणी पुढें वैद्यक शिकेल, त्यानें विद्येच्या वहींत पैनगंगेकांठच्या माणसाचीही नोंद होईल असें पाहावें. ती नोंद होईपर्यंत त्याच्या शरीराविषयींचें आपलें ज्ञान दुसऱ्यांच्या शरीरांवरून बांधलेला अंदाजच राहील.